आरोग्यसेवा : फुकट की विकत?

आजाऱ्याकडून पैसे घ्यावेत की नाहीत, या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, फुकटाची किंमत राहत नाही. दुसरा म्हणतो, माणसाच्या अगतिकतेचे मोल करू नये. पैशाअभावी कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते.

मुळात 'फुकट' असे काही नसते. साबणाची वडी घेणारा मजूरही कर भरतो आणि त्याच पैशातून सरकारी दवाखाने चालतात. म्हणजे खरा प्रश्न पैसे कोणी आणि केव्हा द्यायचे, हा आहे. सर्वांनी मिळून धडधाकट असताना, की एकट्याने अंथरुणाला खिळल्यावर, रोजगार बुडालेला असताना?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. औषधाआधी अन्न आणि पाणी हवे, हे त्या दुष्काळी वर्षांतच त्यांच्या ध्यानी आले. मग विहिरींची कामे झाली. गावोगावच्या स्त्रियांना, त्यांतल्या अनेक निरक्षर व दलित, आरोग्यसेविका म्हणून शिकवले गेले. बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी ही कामे त्या गावातच करू लागल्या. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजारी १७६ असलेला बालमृत्यूंचा आकडा १९९३ पर्यंत तिसाच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या प्रकल्पाने रुग्णालयातील उपचारांसाठी माफक शुल्क घेणे निषिद्ध मानले नाही. पण जे आजार टाळता येतात ते टाळण्याचे काम गावाच्या दारात नेले. बिल माफ करण्यापेक्षा बिलाची वेळच न येऊ देणे, हे त्याचे मर्म.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. निर्णय स्वागतार्हच. तरीही आडगावच्या मजुराला एस. टी. चे भाडे आणि बुडालेली मजुरी सोसावीच लागते. केसपेपर फुकट झाला, तरी आजार फुकट होत नाही.

म्हणून प्रतिबंध व प्राथमिक उपचार सर्वांना विनामूल्य आणि गावातच मिळावेत. मोठ्या आजारांचा भार समाजाने करातून उचलावा. दवाखान्याच्या दारात खिसा तपासला जाऊ नये, आणि त्या दारापर्यंत जाण्याची पाळीही कमी लोकांवर यावी. दुसऱ्या कामाशिवाय पहिले फार काळ परवडणार नाही, हे जामखेडकडे पाहून म्हणावेसे वाटते.