विचारणार कोण?

३ ऑगस्ट हा दिवस आता आपल्या देशात अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी १९९४ साली याच तारखेस भारतातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले, त्याची ही आठवण. या दिवशी फेऱ्या निघतात, मंत्रिमहोदय प्रतिज्ञापत्रावर सही करतात, भाषणांतून दधीची ऋषींचे नाव घेतले जाते. हे सारे योग्यच आहे. लोकांनी उदार व्हावे असा उपदेश लोकांना करण्यात कोणाचे काही खर्च होत नाही. तथापि या समारंभांत एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्या घटकेस हे दान प्रत्यक्ष मागावयाचे असते, त्या घटकेस मागणारा कोण असतो आणि त्याची स्वतःची सिद्धता कितपत असते?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेतली पाहिजे, कारण नेत्रदान, देहदान आणि अवयवदान यांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. डोळे घरी मृत्यू आल्यावरही, सहा तासांच्या आत, देता येतात. देह शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी दिला जातो. परंतु हृदय, यकृत आणि मूत्रपिंडे यांचे मरणोत्तर दान आपल्याकडे जवळजवळ नेहमी एकाच परिस्थितीत शक्य होते. डोक्याला जबर मार बसून अथवा मेंदूत रक्तस्राव होऊन मेंदूचा देठ, म्हणजेच मस्तिष्कस्तंभ, कायमचा निकामी झालेला असतो आणि अतिदक्षता विभागातील श्वसनयंत्रामुळे रक्ताभिसरण तेवढे चालू राहिलेले असते. हृदय काढल्यापासून चार-सहा तासांत दुसऱ्या छातीत बसवावे लागते. मूत्रपिंड त्याहून बरेच अधिक थांबते. घरातील कपाटात ठेवलेल्या प्रतिज्ञापत्राने यांतले काहीच आपोआप घडत नाही. प्रतिज्ञापत्र भरलेले असले तरी आप्तांच्या संमतीवाचून कोणी पुढे जात नाही.

म्हणजे सारे प्रकरण येऊन ठेपते ते रुग्णालयाच्या एका व्हरांड्यात. तेथे रात्री दोन वाजता ज्येष्ठ प्राध्यापक नसतात. नुकतीच पदवी घेतलेला निवासी डॉक्टर आणि रात्रपाळीची परिचारिका असते. काल-परवापर्यंत विद्यार्थी असलेल्या या दोघांना काय ठाऊक असते, हे देशातील अनेक वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांत प्रश्नावल्यांच्या साहाय्याने पाहण्यात आले आहे. बहुतेक पाहण्यांतील चित्र एकाच वळणाचे आहे. अवयवदानाविषयी ऐकलेले नाही असा विद्यार्थी सहसा सापडत नाही. ही गोष्ट चांगली आहे असे बहुतेकांना वाटते. परंतु मेंदूमृत्यू म्हणजे नेमके काय, तो कोणी ठरवावयाचा, कायदा काय सांगतो, असे विचारले की उत्तरे डळमळू लागतात. आणि ही माहिती मिळाली कोठून, असे विचारावे तर वर्गाआधी दूरदर्शन, वृत्तपत्रे आणि भ्रमणध्वनी यांची नावे पुढे येतात. स्वतःचे प्रतिज्ञापत्र भरलेले तर फारच थोडे.

हा केवळ आपल्याच शिक्षणाचा दोष आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत १९८९ साली अशाच दात्यांशी ज्यांचा कामात संबंध येतो अशा १९५ डॉक्टरांना व परिचारिकांना मृत्यूच्या निकषांविषयी प्रश्न विचारण्यात आले. कायद्याने व वैद्यकाने ठरविलेले निकष केवळ ३५ टक्क्यांना बिनचूक सांगता आले, आणि निम्म्याहून अधिक जणांच्या मनात मृत्यूची कोणतीही एक सुसंगत कल्पना नव्हती. त्या देशात मेंदूमृत्यूची संकल्पना मांडली जाऊन तेव्हा दोन दशके लोटली होती.

याचे नवल वाटावयास नको. मेंदूमृत्यू हा डोळ्यांना न पटणारा मृत्यू आहे. छाती यंत्राच्या तालावर वरखाली होते, अंग उबदार असते, लघवीची पिशवी भरत असते, पडद्यावर नाडीची रेघ धावत असते. परिचारिका त्या देहाला दर दोन तासांनी कुशीवर वळविते, डोळ्यांत थेंब घालते, आणि जुन्या सवयीने त्याच्याशी बोलतेही. अशा देहास मृत म्हणावयाचे तर बुद्धीला पाहण्याहून वेगळ्या पुराव्यावर विसंबावे लागते. तो पुरावा मात्र भक्कम आहे. बुबुळांवर प्रकाश पाडतात, कानात बर्फाचे पाणी सोडतात, घशात नळी घालून खोकल्याची उबळ येते का ते पाहतात. शेवटी श्वसनयंत्र सोडवून, प्राणवायू चालू ठेवून, रक्तातील कर्बवायू वाढू देतात. मस्तिष्कस्तंभात जीवनाचा अंश असेल तर त्या वाढीने श्वास उसळून आल्यावाचून राहत नाही. तो येत नाही. निदान सहा तासांनी हे सारे पुन्हा करतात, आणि चार डॉक्टरांचे मंडळ सही करते. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील एकाही डॉक्टरास त्या मंडळात बसता येत नाही. ज्या विद्यार्थ्याने ही परीक्षा एकदा प्रत्यक्ष पाहिली, तो नातेवाइकांपुढे अडखळणार नाही. परंतु पदवी हाती पडेपर्यंत ती पाहण्याची संधी किती जणांना मिळते?

या संकल्पनेचा इतिहासही फार जुना नाही. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी माणसाचे पहिले हृदयप्रत्यारोपण केले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसा प्रयत्न केला. रुग्ण काही तासांतच दगावला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष प्रसिद्ध केले. आपल्याकडे मात्र कायदा होण्यास १९९४ साल उजाडावे लागले. फेब्रुवारी १९९५ मध्ये तो अमलात आला तो प्रथम केवळ तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत. ती राज्ये म्हणजे महाराष्ट्र, हिमाचल प्रदेश आणि गोवा. इतर राज्ये विचार करीत बसली असता आपले एवढेसे राज्य पहिल्या पंक्तीत होते, ही गोष्ट गोमंतकीयांच्या फारशी स्मरणात राहिलेली दिसत नाही.

कायद्यातही एक गुंता राहून गेला आहे. प्रत्यारोपणाच्या कायद्याप्रमाणे मस्तिष्कस्तंभ मेला की माणूस मृत होतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मात्र मृत्यूची व्याख्या करताना मेंदूचे नाव नाही. परिणामी आप्तांनी अवयव देण्यास नकार दिला, तर त्याच रुग्णाचे श्वसनयंत्र काढावे की नाही या पेचात डॉक्टर सापडतात आणि बहुधा हृदय आपण होऊन थांबेपर्यंत वाट पाहतात. तरुण डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी यातून काय बोध घ्यावा? संमती मिळाली तर मृत, न मिळाली तर अर्धा जिवंत? ज्यांच्या डोळ्यांसमोर हे घडते त्यांच्या मनात शंका रुजली तर दोष त्यांना कसा द्यावा?

आता अभ्यासक्रमाकडे वळू. पहिल्या वर्षी विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा राहतो आणि त्या देहास आपला पहिला गुरू मानण्याचा पाठ २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात समाविष्ट झाला आहे. ही फार चांगली गोष्ट झाली. प्रत्यारोपणाच्या कायद्याचाही समावेश आहे, परंतु तो न्यायवैद्यकात, विषप्रयोग आणि शवपरीक्षा यांच्या शेजारी, परीक्षेत टीप लिहिण्यापुरता. दुःखाने सुन्न झालेल्या बापाशी कसे बोलावे, मृत्यूची वार्ता आधी सांगून ती मनात उतरेपर्यंत दानाचा विषय का काढू नये, हे त्या टिपेत मावत नाही. वास्तविक २०११ च्या दुरुस्तीने असे विचारणे हा सद्‌भावनेचा नव्हे तर कर्तव्याचा भाग केला आहे. अतिदक्षता विभागातील अशा रुग्णाच्या आप्तांना अवयवदानाच्या पर्यायाची जाणीव करून देणे ही डॉक्टरची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि तीत समन्वयकाचे साहाय्य घ्यावयाचे आहे.

विद्यार्थ्यांकडून काहीच होत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. श्रीलंकेत १९५८ साली हडसन सिल्व्हा नामक तरुणाने, वैद्यकाचा विद्यार्थी असतानाच, वृत्तपत्रात लेख लिहून देशबांधवांकडे डोळे मागितले. त्यातून जी चळवळ उभी राहिली, तिने पुढे जगातील अनेक देशांना दृष्टी पुरविली. आईचे निधन झाल्यावर त्याने तिच्याच डोळ्यांचे रोपण केले. आधी स्वतःच्या घरातून दिले, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले.

परिचारिकेविषयी थोडे अधिक लिहिणे अगत्याचे आहे, कारण या विषयावरील चर्चेत तिला सहसा वगळले जाते. डॉक्टर येतो आणि जातो; आठ तास खाटेजवळ असते ती परिचारिका. नातेवाईक डॉक्टरसमोर मान हलवितात आणि खरा प्रश्न तिला विचारतात, तोही आपल्या बोलीत: "सिस्टर, ताचें काळीज धडधडटा न्ही?" या एका प्रश्नाला ती काय उत्तर देते यावर पुढचे अवलंबून असते. 'हो, अजून आहे' असे ती करुणेपोटी म्हणाली, तर चार डॉक्टरांच्या सह्या फुकट गेल्या. 'यंत्रामुळे तो जिवंत आहे' हे वाक्यही तसेच घातक. यंत्रामुळे अवयव टिकून आहेत, माणूस गेलेला आहे, हे मृदूपणे पण निःसंदिग्ध सांगणे शिकावे लागते. ते कोणास उपजत येत नाही. वर्तमानपत्रांतून 'मेंदूमृत घोषित केल्यानंतर दोन दिवसांनी मृत्यू' अशी विधाने वाचावयास मिळतात, त्या अर्थी शब्दांचा हा घोळ रुग्णालयापुरताच नाही.

आमच्याकडील कुटुंबांची रीतही ध्यानात घ्यावी लागते. घरातला तरुण मुलगा दुचाकीवरून पडून बांबोळीला नेला, की एक जण शांतादुर्गेला गाऱ्हाणे घालतो, दुसरा ग्रामदैवताचा कौल घ्यावयास धावतो. कौल मिळेपर्यंत कोणी निर्णय घेत नाही. पुढील जन्मी मूल अवयवाविना जन्मेल, ही धास्ती आजीच्या मनात असते. शास्त्रात अशी भीती सांगितलेली नाही. शिबी आणि दधीची यांच्या कथा सांगणाऱ्या धर्मात ती यावी हाच विपर्यास आहे. पण व्हरांड्यात पुराण सांगून भागत नाही. तेथे आजीचे ऐकून घेणारी, घाई न करणारी आणि तरीही वेळ हातचा निसटत आहे याचे भान असणारी व्यक्ती लागते. ज्या परिचारिकेच्या स्वतःच्या मनात तीच धास्ती दडलेली आहे, ती हे काम करू शकणार नाही.

आकड्यांकडे पाहिले तर या साऱ्याचे मोल कळते. २०२३ साली भारतात १८,३७८ प्रत्यारोपणे झाली. मरणोत्तर दाते होते १,०९९; म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे पुरता एकही नाही. उरलेला भार जिवंत दात्यांनी उचलला, आणि त्यांत आया व बायकाच अधिक. स्पेनमध्ये हेच प्रमाण दहा लाखांमागे चाळिसांच्या वर गेले आहे. तेथील लोक आपल्याहून अधिक परोपकारी आहेत म्हणून हे घडले नाही. १९८९ मध्ये त्या देशाने राष्ट्रीय संघटना स्थापून रुग्णालया-रुग्णालयात प्रशिक्षित समन्वयक नेमले. ते बहुधा अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर, आणि जोडीला परिचारिका. आपल्या देशातही २००८ साली चेन्नईजवळच्या एका डॉक्टर दांपत्याने आपल्या पंधरा वर्षांच्या अपघातग्रस्त मुलाचे अवयव दिले, तेव्हा तामिळनाडूत या कार्याला वेग आला. मेंदूमृत्यू म्हणजे काय हे त्या आईबापांना दुसऱ्या कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

तरुण डॉक्टरांच्या संकोचाला भीतीचेही एक अंग आहे. मूत्रपिंडांच्या बाजाराची प्रकरणे अधूनमधून उघडकीस येतात, आणि नातेवाइकांनी उद्या काही आरोप केला तर आपली कारकीर्द संपली असे त्याला वाटते. ती प्रकरणे जिवंत दात्यांच्या खरेदी-विक्रीची असतात, मेंदूमृत दात्यांच्या बाबतीत मंडळ आणि नोंदी यांचे कुंपण अधिक पक्के आहे, हा भेद त्याला कोणी समजावून दिलेला नसतो.

गोमेकॉमध्ये राज्याची प्रत्यारोपण संघटना कार्यरत आहे, आणि तेथून मूत्रपिंडे, हृदय, यकृत दात्यांकडून गरजूंकडे, प्रसंगी दाबोळीहून विमानाने, गेल्याच्या वार्ताही येतात. १८४२ पासूनची परंपरा सांगणारे वैद्यकीय महाविद्यालय आणि परिचर्या शिक्षण संस्था बांबोळीच्या एकाच पठारावर आहेत. आंतरवासितेच्या वर्षात प्रत्येक तरुण डॉक्टरला आणि शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक परिचारिका विद्यार्थिनीला समन्वयकासोबत काही दिवस काढावयास लावणे, मेंदूमृत्यूची परीक्षा आप्तांच्या भावनांचा मान राखून त्यांना दाखविणे, नातेवाइकांशी बोलण्याचा सराव ज्येष्ठांच्या देखरेखीखाली करून घेणे, यासाठी नवी इमारत अथवा केंद्राचे अनुदान लागत नाही. २०१४ च्या नियमांप्रमाणे परिचारिकेला समन्वयकही होता येते. ही वाट आपल्या विद्यार्थिनींना महाविद्यालयात असतानाच दाखवावयास हवी.

आणखी एक छोटी सूचना. शस्त्रक्रियागृहातून देह परत आला की तो स्वच्छ करून, टाके झाकून, आप्तांच्या स्वाधीन करण्याचे काम परिचारिकाच करते. त्यानंतर त्या मूत्रपिंडाचे काय झाले, ते कोणास लाभले का, हे तिला कोणी कळवीत नाही. नाव गुप्त ठेवावेच लागते. परंतु 'रोपण यशस्वी झाले, रुग्ण घरी गेला' एवढ्या दोन ओळी त्या विभागाच्या सूचनाफलकावर लावण्यास कोणताही नियम आड येत नाही.