पूर येण्याआधी ॲपची तालीम

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष एका आकड्याकडे असते : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे? 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्या पुढे गेले होते. आता असे आकडे अनेकजण मोबाइलवरच पाहतात. पण पाणी चढते त्याच रात्री सगळे एकदम फोन उघडतात, वीज जाते, नेटवर्क तुटते. अशा वेळी पडद्यावर काय दिसेल? हे उन्हाळ्यातच तपासता येते, आणि त्यासाठी ‘मॉक सर्व्हर’ म्हणजे लुटुपुटीचा सर्व्हर वापरतात.

अशा ॲपचे दोन भाग असतात. आपल्या हातातला भाग प्रश्न विचारतो, त्याला क्लायंट म्हणतात. दूरच्या संगणकातला सर्व्हर उत्तर देतो. चाचणी करताना खऱ्या सर्व्हरच्या जागी एक छोटा प्रोग्रॅम बसवतात. तो सांगू ती उत्तरे देतो : कधी बरोबर, कधी अर्धवट, कधी अर्ध्या मिनिटाने, तर कधी 503 हा संकेतांक, म्हणजे ‘सध्या सेवा देता येत नाही’. खरा सर्व्हर मुद्दाम बिघडवता येत नाही. लुटुपुटीचा हवा तसा बिघडवता येतो.

कोऱ्या जागेचा धोका

समजा, पातळीच्या जागी उत्तरात काहीच आले नाही. वेबसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत ‘नल’, म्हणजे रिकामी किंमत, 39 पेक्षा कमी आहे का, असे विचारले तर ‘हो’ असे उत्तर मिळते. कारण तुलना करताना ती नलला शून्य मानते. निष्काळजीपणे लिहिलेले ॲप मग हिरव्या रंगात ‘पाणी इशारा पातळीखाली’ असे दाखवेल. प्रत्यक्षात माहितीच आलेली नसेल.

दुसरा घोटाळा फूट-इंचांचा. 39 फूट 2 इंच हे 39.2 आणि 39 फूट 11 इंच हे 39.11 असे लिहिले, तर संगणकाच्या लेखी पहिला आकडा मोठा. पाणी 9 इंच चढलेले असताना ॲप ‘पातळी उतरतेय’ म्हणेल. अशी चार-पाच खोटी उत्तरे आधीच देऊन पाहिली, तर चूक टेबलावरच सापडते.

तिसरी चाचणी गर्दीची. उत्तर आले नाही म्हणून प्रत्येक फोन दर सेकंदाला पुन्हा विचारू लागला, तर दमलेला सर्व्हर आणखी दमतो. चांगले ॲप 2, 4, 8 सेकंद असे थांबत जाते आणि तोवर जुना आकडा त्याच्या वेळेसह दाखवते.

दवाखान्यातही तेच

रुग्णाच्या नोंदीत ॲलर्जीचा रकाना रिकामा आला, तर ‘ॲलर्जी नाही’ आणि ‘माहिती मिळाली नाही’ यांत जिवाचा फरक असतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनला जोडू इच्छिणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी ‘सँडबॉक्स’ या चाचणी व्यवस्थेतून जावे लागते, ते उगाच नाही.

ही कल्पना जुनी आहे. जुलै 1969 मध्ये अपोलो 11 च्या उड्डाणाआधी नासाच्या प्रशिक्षकांनी सरावात संगणकाचा 1201 हा इशारा मुद्दाम दिला. नियंत्रकांनी गरज नसताना उतरणे रद्द केले. मग कोणत्या इशाऱ्याला काय करायचे, याची यादी झाली. 20 जुलैला चंद्रावर उतरताना तसेच इशारे खरोखर आले, तेव्हा ‘पुढे चला’ हा निर्णय काही सेकंदांत झाला.

अर्थात, तालमीतला जोडीदार म्हणजे मैदानातला प्रतिस्पर्धी नव्हे. खऱ्या सर्व्हरने उत्तराची रचना बदलली आणि मॉक जुनाच राहिला, तर चाचण्या पास होत राहतात आणि ॲप मात्र फसते. म्हणून दोन्हींची उत्तरे अधूनमधून ताडून पाहावी लागतात.

वापरणाऱ्यांसाठी धडा साधा आहे : आकड्याआधी त्याच्या शेजारची वेळ पाहा. वेळ दिसत नसेल किंवा जुनी असेल, तर हिरव्या रंगावर विसंबू नका. जिल्हा नियंत्रण कक्षाच्या 1077 या क्रमांकावर विचारा.