विडु म्हणजे सोड

अण्णांनी माडाच्या खोडाला आधी तळहात लावला. एकदा पूर्वेच्या अंगाने, एकदा उत्तरेच्या. हात उलटा करून पाहिला, लुंगीला पुसला आणि बागेच्या मालकांकडे बघून मान हलवली. उत्तरेकडची बाजू दवाने ओली होती आणि तिच्यावर शेवाळाचा पातळ हिरवा थर होता. सकाळचे सव्वासहा वाजले होते. कोयता कमरेला, दोरीचं कडं खांद्यावर, माणूस तयार. तरी आम्ही सगळे पाऊण तास बांधावर बसून राहिलो. ऊन खोडापर्यंत उतरलं तेव्हाच काम सुरू झालं. पंधरा वर्षं मी सह्याद्रीत दोर लावून चढतो आहे. ओल्या कातळापुढे इतक्या शांतपणे बसून राहिलेली माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. दोन दिवसांची सुट्टी काढून आलेल्याला तो पाऊण तास जड जातो, आणि पुष्कळ अपघातांची सुरुवात तिथेच होते.

चढाईसाठी तंजावर जिल्ह्यात कुणी जात नाही. कावेरीच्या गाळाचा हा सपाट मुलुख. नजर जाईल तिथवर भातखाचरं. इथली नजरेत भरणारी उंची माणसाने रचलेली आहे: राजराज चोळाने 1010 साली पुरं केलेल्या बृहदीश्वराचं सुमारे 60 मीटर उंचीचं विमान. त्याच देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो डोळ्यांनी पाहायचा म्हणून मी आणि माझा चढाईतला जोडीदार पुण्याहून निघालो होतो. परतीच्या वाटेवर बदामीला चढायचं होतं, म्हणून दोर आणि हार्नेस गाडीत होते.

बागेचे मालक, म्हणजे काका, भेटले ते तंजावरात. तिथल्या जुन्या मराठी घरांपैकी त्यांचं एक. एकोजी राजांबरोबर आलेली भाषा त्यांच्या घरात अजून बोलली जाते. ‘कुठे’ला ते ‘कोठें’ म्हणतात, आणि मधेच एखादा तमिळ शब्द असा सहज येतो की तो परका वाटतच नाही. आमचा दोर पाहून त्यांनी विचारलं, हा कशाला? सांगितलं. म्हणाले, “मग उद्या आमच्या बागेंत चला. वेट्टु आहे.” वेट्टु म्हणजे तोड. नारळाची तोड साधारण दीड महिन्याने एकदा होते.

पहाटे निघालो. ओरत्तनाडूला रस्त्यालगत मुक्तांबाळचं छत्र लागलं, सरफोजी राजांनी रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी बांधलेलं. पट्टुक्कोट्टै मागे पडलं आणि भाताची जागा माडांनी घेतली. पेरावूरणीच्या आसपास तर आकाश झावळ्यांच्या फटींतूनच दिसतं. थोडं पुढे समुद्रकाठी सरफोजींनीच उभारलेला मनोरा आहे, आठ मजली, षट्कोनी, नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून 1814 साली बांधायला घेतलेला.  ते सगळं संध्याकाळसाठी ठेवलं.

अण्णांचं वय पन्नाशीच्या पुढचं. तमिळमध्येही अण्णा म्हणजे थोरला भाऊच, त्यामुळे हाक मारायला अडचण आली नाही. त्यांचं सामान मोजून तीन वस्तूंचं: वाकडा कोयता, म्हणजे तिकडचा अरिवाळ, छातीला खोडाचा खरखरीतपणा लागू नये म्हणून जाड कापडाचा पट्टा, आणि काथ्याच्या दोरीचं एक कडं. त्या कड्याला तळै म्हणतात. तमिळमध्ये तळै म्हणजे बेडी, आणि दिसतंही तसंच. दोन्ही पावलं त्यात अडकवायची, गुडघे बाहेर काढायचे, तळवे खोडाला दोन बाजूंनी चिकटवायचे. अंगाचा भार खाली आला की दोरी ताणली जाते आणि तळवे खोडावर आणखी घट्ट दाबले जातात. माणूस जितका जड, तितकी पकड पक्की. आमच्या दोरावरच्या गाठी याच तत्त्वावर चालतात: भार आला की आवळतात, भार गेला की सरकतात. अण्णांनी ती गाठ स्वतःच्या पायांची केली आहे.

मग चाल. दोन्ही हात खोडाला मिठी मारून वर, पोट आत, गुडघे छातीपाशी ओढून घ्यायचे, तळवे दाबायचे, पाय सरळ करायचे. एका चालीत दोन-अडीच फूट. अण्णा चढताना त्यांच्या हातांकडे मी आधी पाहत राहिलो, कारण नवखा हातांकडेच पाहतो. चौथ्या-पाचव्या माडाला लक्षात आलं की हात फक्त अंग खोडाजवळ ठेवतात; उचलण्याचं सगळं काम पाय करतात. कातळावर नव्या मुलांना आम्ही हेच पहिल्या दिवशी सांगतो. पंधरा-सोळा मीटरचा एक माड ते 38 सेकंदांत चढले. मी घड्याळ लावलं होतं.

शेंड्याखालचा हातभर टप्पा मात्र सगळ्यात अवघड. तिथे खोड संपतं आणि झावळ्यांची छत्री सुरू होते. तिच्याखालून बाहेर झुकून, झावळ्यांमधून वाट काढून आत शिरावं लागतं. कातळावर ज्याला ओव्हरहँग म्हणतात तोच प्रकार, फक्त इथली पकड जिवंत आहे आणि दर महिन्याला बदलते. माडाला महिन्याला साधारण एक नवी झावळी येते, प्रत्येकीच्या बगलेत एक पोय, आणि पोय उमलल्यापासून नारळ पक्का व्हायला सुमारे वर्ष लागतं. म्हणजे शेंड्यावर एकाच वेळी वर्षभराचा हिशोब टांगलेला असतो: वर कोवळी पोय, मधे शहाळी, तळाला पक्का घड. अण्णा आत शिरले की आधी कोयत्याच्या पाठीने नारळ ठोकतात आणि ऐकतात. पक्क्या नारळाचा आवाज वेगळा येतो, आतलं पाणीही डुचमळतं. मग एक घाव, आणि घड जमिनीवर आदळतो. तेवढ्यात वाळकी झावळी छाटणं, पोयीची सुकलेली आवरणं काढणं, गेंड्या भुंग्याने कोंबाला भोक पाडलंय का ते पाहणं. एक भुंगा त्यांनी लोखंडी आकड्याने ओढून काढला आणि वरूनच आम्हाला दाखवला.

दुपारपर्यंत बेचाळीस माड झाले. सरासरी 15 मीटर धरले तर 630 मीटरची उभी चढाई, आतकरवाडीतून सिंहगड चढण्याइतकी जवळपास. आणि तेवढीच उतराई. दोर एकदाही नाही.

बागेत मधेमधे मोठी रिकामी वर्तुळं आहेत. 16 नोव्हेंबर 2018च्या पहाटे गज चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या मधे किनाऱ्यावर आलं आणि या भागातले लाखो माड आडवे झाले. माडाला सोटमूळ नसतं. बुंध्यापासून सुतळीसारखी असंख्य मुळं पसरतात. पावसाने भिजलेल्या मऊ जमिनीत वाऱ्याने शेंडा धरून पिळला की आख्खं झाड मुळांच्या गड्ड्यासकट निघतं. काका हे सांगताना बोटाने जागा दाखवत होते, माणसं दाखवावीत तशी. इथल्या उंच जातीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. त्यांनी लावलेली नवी रोपं आता कुठे खोड धरू लागली आहेत. त्या वादळानंतर पुढचे किती तरी महिने अण्णांना चढायला झाडच नव्हतं. ते करवत घेऊन पडलेले माड कापत होते.

साडेअकराला मी विचारलं, मी चढू का? अण्णांनी माझे तळवे पाहिले, हसले, आणि बारा मीटरचा एक सरळ माड निवडला. आमचा दोर घेऊन ते वर गेले, शेंड्यात झावळ्यांच्या देठांमागून जाड पट्टी फिरवून त्यात कॅराबिनर अडकवला, दोर त्यातून खाली सोडला आणि तिथेच बसून राहिले. जोडीदार खाली बिलेला, म्हणजे दोर धरायला. मी हार्नेस चढवला, पाय बेडीत घातले.

पहिले तीन मीटर बरे गेले. पुढे मांड्या थरथरू लागल्या. गळून गेलेल्या झावळ्यांच्या वळ्या खोडावर असतात, त्या तळव्याला आधार देतात आणि दंडाची कातडी खरवडतात. आठ मिनिटांनी मी छत्रीखाली पोचलो. डावा हात खोडाला, उजवा वर. समोर एक जाडजूड देठ होता, मनगटापेक्षा रुंद. तो मी धरला.

“विडु!” अण्णा ओरडले. “विडु, विडु!”

मला वाटलं, धर म्हणताहेत. मी आणखी घट्ट धरला आणि भार टाकला.

“सोडाऽ! सोडा तें!” खालून काकांचा आवाज आला. तोवर उशीर झाला होता. ती वाळायला आलेली झावळी होती. तिचा देठ बुंध्यापाशी सुटत आलेला होता, आणि तो आवाज न करता सबंध निघाला. मी मागे फेकलो गेलो. दोराने मला मीटरभरातच धरलं, पण कातळावर पडताना पाय पसरून जसा धक्का झेलतो तसा झेलता आला नाही, कारण दोन्ही पावलं एकाच कड्यात बांधलेली होती. मी कुशीवर खोडाला आदळलो. बरगडीला मुका मार, उजव्या दंडाची कातडी कोपरापर्यंत सोलली. झावळी मात्र सरळ खाली गेली, पाच मीटर लांबीची, आणि जोडीदाराच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर आपटली. त्याने दोर सोडला नाही. मी आज लिहितो आहे ते त्याच्या त्या दोन मुठींमुळे.

खाली उतरवलं तेव्हा अण्णा माझ्या आधी जमिनीवर होते. बोअरच्या पाण्याने त्यांनी दंड धुतला, बागेच्या खोलीतून हळद आणि खोबरेल आलं. मग अण्णांनी मला त्याच माडापाशी नेलं आणि काकांकरवी समजावलं. झावळीचा रंग आधी पाहायचा. पिवळी दिसली की ती आपली नाही. हिरवी असली तरी एकीवर भार टाकायचा नाही, दोन-तीन देठ एकत्र कवेत घ्यायचे, आणि तेही बुंध्याजवळ. मी पन्नास वेळा शिकवलेला नियम हा: पकड आधी तपास, मग भार दे. दगड ठोकून पाहायचा हे माझ्या हाडीमाशी आहे. देठ ठोकून पाहायचं मला सुचलं नाही, कारण तो दगड नव्हता.

तीन चुका झाल्या, आणि तिन्ही जमिनीवर असतानाच झाल्या होत्या. बिले देणारा पडत्या वस्तूच्या रेषेत उभा होता. बांधलेल्या पायांनी पडलो तर काय होईल, याचा विचार कुणी केला नव्हता. आणि चढायला लागण्याआधी हाका ठरवल्या नव्हत्या. प्रस्तरारोहणात दोन माणसं एकमेकांना कितीही ओळखत असली तरी पाय उचलण्याआधी शब्द ठरवून घेतात. परमुलखात, परक्या भाषेत तर ते आधी करायला हवं. पाच शब्द पुरले असते: एरु म्हणजे चढ, इरंगु म्हणजे उतर, निल्लु म्हणजे थांब, पिडि म्हणजे धर, विडु म्हणजे सोड. दुपारी काकांनी ते माझ्याकडून घोकून घेतले. परदेशी चढायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींनी नकाशा आणि विम्याचे कागद घेण्याआधी तिथले हे पाच शब्द वहीत लिहावेत, असं मला मनापासून वाटतं.

जेवताना मी अण्णांना विचारलं, तुमच्याखाली दोर का नाही? बागेच्या खोलीत माडावर चढण्याचं यंत्र टांगलेलं होतं, दोन पायांसाठी दोन पोलादी चौकटी, खोडाभोवती तारेचे फास. केरळात तयार झालेलं हे यंत्र आता दक्षिणेत सगळीकडे दिसतं. अण्णा म्हणाले, प्रत्येक माडाला ते लावायचं आणि काढायचं म्हटलं तर बेचाळीसचे वीस होतील, आणि मजुरी झाडामागे मिळते. त्यांचं गणित बरोबर आहे. पण बारा-पंधरा वर्षांपूर्वी त्यांचा एक सोबती पावसाळी सकाळी पंधरा मीटरवरून पडला. त्या उंचीवरून माणूस ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने जमीन गाठतो. तो वाचला, कमरेखाली उठला नाही. अण्णांची दोन्ही मुलं तिरुप्पूरला कापडाच्या कारखान्यात आहेत. वडिलांनीच पाठवलं.

नारळ विकास मंडळाने 2011पासून नवीन मुलामुलींना यंत्राने चढायचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. माड चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ नावाची अपघात विमा योजनाही आहे आणि तिच्या हप्त्याचा मोठा वाटा मंडळच भरतं. अण्णांना ती माहीत नव्हती. काकांनाही नव्हती. त्या संध्याकाळी मनोऱ्याला जायचं राहून गेलं. आम्ही काकांच्या ओसरीवर बसून अण्णांच्या कागदपत्रांची जुळवाजुळव केली. हार्नेस आणि दोर तिथेच ठेवून आलो. उतरताना कमरेची पट्टी खोडाला अडकवून कशी घ्यायची ते जोडीदाराने त्यांना दाखवलं, आणि दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही.

हे सगळं तंजावरचं झालं. पण रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, वसई, अलिबाग इथे आपल्या परसात माड आहेत आणि दोन महिन्यांनी एकदा पाडेली येतो. तो बहुधा आपल्या वडिलांच्या वयाचा असतो. पुढच्या खेपेला तो आला की त्याला माडावर चढवण्याआधी दोन मिनिटं बसवा, चहा द्या आणि विचारा, विमा काढलाय का? नसेल तर त्याच्याबरोबर बसून अर्ज तुम्ही भरा. आणि खोड ओलं असेल तर त्या दिवशी नारळ राहू द्या.