हरभऱ्याची वैरीण, शास्त्रज्ञांची मदतनीस

आधी एक सोपा प्रयोग करा. लोहचुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि मैदानातल्या कोरड्या मातीतून सावकाश फिरवा. पिशवीला बारीक काळे कण चिकटतील. आमच्या वारज्याच्या मातीत ते सहज मिळतात. दख्खनचा काळा खडक झिजून हे कण सुटतात. त्यांत मॅग्नेटाइट असते. मॅग्नेटाइट म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांचे चुंबकीय संयुग.

आता एका मिलिमीटरचे १० लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर! आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. शंभरएक नॅनोमीटरपेक्षा लहान कणांना नॅनोकण म्हणतात. मग मॅग्नेटाइटचे नॅनोकण करायचे कसे? खलबत्त्यात कुटून थोडेच होणार!

वारज्याहून महामार्गाने चांदणी चौक ओलांडला, की पुढे पाषाण लागते. तिथे १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. सगळे तिला ‘एनसीएल’ म्हणतात. तिथे डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम चक्क एका बुरशीवर सोपवले!

तिचे नाव फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. शेतकऱ्यांच्या मुलांना या बुरशीचे प्रताप ठाऊक असतील. हिच्याच भाऊबंदांमुळे हरभऱ्याला ‘मर’ रोग लागतो. उभे हिरवे झाड बघता बघता माना टाकते आणि शेतकऱ्याचा हंगाम जातो.

शास्त्रज्ञांनी ही बुरशी वाढवली, स्वच्छ धुतली आणि लोहाचे क्षार विरघळवलेल्या पाण्यात ठेवली. बुरशीने पाण्यात प्रथिने सोडली. त्या प्रथिनांनी क्षारांचे रूपांतर केले आणि मॅग्नेटाइटचे नॅनोकण तयार झाले! हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी याच बुरशीकडून त्यांनी बेरियम टायटनेटही करून घेतले. हा ‘विद्युत अपारक’ पदार्थ आहे. म्हणजे तो वीज वाहू देत नाही, पण विद्युतभार साठवायला मदत करतो. रेडिओ, मोबाईल यांतल्या चिमुकल्या कपॅसिटरमध्ये तो वापरतात. एरवी तो करायला भट्टी १००० अंश सेल्सिअसच्याही वर तापवावी लागते. पाणी तर १०० अंशांनाच उकळते, लक्षात आहे ना? बुरशीने मात्र हे काम खोलीतल्या साध्या तापमानाला केले. कणही कसे? १० नॅनोमीटरहून लहान!

मग कारखान्यांतल्या भट्ट्या विझल्या का? नाही. चंबूत चिमूटभर करणे वेगळे आणि पोत्याने करणे वेगळे. शिवाय दर वेळी सगळे कण सारख्याच आकाराचे हवेत. पण भट्टीची आच वाचली, तर इंधन वाचेल, धूरही कमी होईल. हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. तुमच्यापैकी कुणी सोडवाल?

बुरशी मात्र घरी वाढवू नका हं! ते काम प्रयोगशाळेचे. तुम्ही आधी मातीतले काळे कण गोळा करा, भिंगाखाली पाहा आणि काय काय दिसले ते वहीत लिहून ठेवा.