आसऱ्याचं बंदर

बंदर बांधा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, माल किती उतरणार? आसऱ्याच्या बंदरापाशी याला उत्तर नसतं. वादळात कुठल्याही गावच्या होडीनं आत शिरावं, वारा पडला की निघून जावं, एवढंच त्याचं काम. मी देवगडचा, बंदरांच्या कामांवर इंजिनिअर म्हणून नोकरी केली. असले प्रस्ताव फायलीत कसे मुरतात, ते जवळून पाहिलंय.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर विक हे हेरिंग माशांचं गाव. ऑगस्ट १८४८ च्या वादळात होड्या परतल्या, पण ओहोटीमुळे बंदराच्या तोंडाशी पुरेसं पाणी नव्हतं. त्या किनाऱ्यावर सुमारे शंभर माणसं बुडाली, त्यातली बरीच विकच्या उपसागरात, घराच्या दारात म्हणा ना. ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन वॉशिंग्टन यांनी चौकशी करून सांगितलं, बंदरं सुधारा, उघड्या होड्यांना डेक घाला.

१८६३ मध्ये थॉमस स्टीव्हन्सन यांनी तिथे ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, बांधायला घेतला. (कादंबरीकार रॉबर्ट लुईस हे त्यांचेच चिरंजीव, तेही या कामावर पाणबुड्याचा पोशाख चढवून तळाशी उतरले होते.) लाटेचा धक्का मोजायचं यंत्र थॉमसनीच बनवलेलं, म्हणजे माणूस कच्चा नव्हे! टोकाला ८०० टनांहून जड काँक्रीटचा ठोकळा, खालच्या दगडांना साडेतीन इंची लोखंडी सळ्यांनी जखडलेला. डिसेंबर १८७२ मध्ये तिथला इंजिनिअर कड्यावरून बघत राहिला आणि लाटांनी तो ठोकळा दगडांसकट, एकूण १३५० टन, फिरवत फिरवत आतल्या बाजूला नेऊन टाकला. मग २६०० टनांचा बसवला. १८७७ मध्ये तोही गेला. आसरा जिथे सर्वांत निकडीचा, तिथेच बांधकाम सर्वांत अवघड, हे या धंद्याचं दुखणं.

आमच्या देवगडला मात्र निसर्गानंच आडोसा दिलाय. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळात केरळ-तामिळनाडूच्या ६८ होड्या इथे लागल्या, ९५२ मच्छीमार सुखरूप उतरले. ही माणसं कुठल्या मालाच्या हिशेबात बसवायची?

आज खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात हौदात लाटा उठवून बंदराची छोटी प्रतिकृती तपासता येते. तुमच्या किनाऱ्यावर आसऱ्याच्या बंदराची मागणी निघाली तर खर्चाला दचकू नका. पण आधी तिथल्या लाटा मोजल्यात का आणि प्रतिकृती तपासलीय का, एवढं मात्र विचारा.