‘द राइट ऑफ स्प्रिंग’ आणि आपली पेटी

ढोकीत भजनाला बसणाऱ्याला पेटी-पखवाज शिकवावा लागत नाही. गोरोबाकाकांचे तेर इथून जवळ आणि तुळजापूर याच जिल्ह्यातले, त्यामुळे टाळ आणि संबळ दोन्ही कानात मुरलेले. अशा कानांवर इगॉर स्ट्राविन्स्की यांचे ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ पडले की पहिला शेरा बहुधा ‘गोंगाट’ असाच येतो. शंभराच्या घरात वादक लागणारी, अर्ध्या तासाहून थोडी मोठी ही बॅले-रचना २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये प्रथम सादर झाली. तिच्याविषयीचे गैरसमज सोडवायला लागणारी साधने आपल्या घरात, देवळात आधीपासून आहेत.

गैरसमज : या संगीताला ताल नाही.

वस्तुस्थिती : ‘वसंताची भाकिते’ हा भाग ऐका. सुरुवातीला तंतुवाद्ये एकच स्वरसमूह सारख्या वेगाने ३२ वेळा वाजवतात. लय तसूभर हलत नाही; हलतो तो आघात. घरी करून पाहा. सावकाश १ ते ३२ मोजा आणि फक्त १०, १२, १८, २१, २५ व ३० या आकड्यांवर टाळी द्या. मात्रांचे गट पडतात ९, २, ६, ३, ४, ५, ३. बेरीज बरोबर ३२. मोजणारा चुकला की वादनही चुकले, इतका हा चोख हिशेब आहे.

मग आपण गोंधळतो का? पखवाजवादक कितीही आडवळणाने गेला तरी तिहाई घेऊन समेवर येणार, याची आपल्याला खात्री असते. ही समेची हमी स्ट्राविन्स्की काढून घेतात. पुढचा ठोका कुठे पडेल, हे शरीराला कळत नाही, म्हणून कान ताणलेला राहतो. शेवटच्या बळीच्या नृत्यात तर मात्रांचे गट जवळजवळ दर आवर्तनाला बदलतात: कधी दोन, कधी तीन, कधी पाच. तिथेही सर्वांत लहान मात्रा मात्र एकसारखीच चालते. तिला धरून ऐकले की रचना उलगडू लागते.

गैरसमज : हा सारा दणका ढोलांचा आहे.

वस्तुस्थिती : ढोल भरपूर आहेत. दुसऱ्या भागात एका ठिकाणी ढोल आणि तंतुवाद्ये मिळून सलग अकरा घणाघाती ठोके देतात. पण वर मोजलेल्या त्या ३२ ठोक्यांत ढोल नाहीच. व्हायोलिनपासून डबल बासपर्यंतचे वादक दर ठोक्याला गज उचलतात आणि पुन्हा मुठीकडून ओढतात, त्यामुळे तारेतून थाप मारल्यासारखा आवाज निघतो. आघाताच्या जागी आठ हॉर्न त्यात भर घालतात. गाणाऱ्या वाद्यांना इथे चर्मवाद्याचे काम दिले आहे.

उलटा प्रयोग आरंभी आहे. बासून हे खर्जातले वाद्य. त्याला एकट्याला अगदी वरच्या स्वरांत गायला लावले आहे. खर्जाच्या गायकाने तार सप्तकात आलाप घ्यावा, तसा तो सूर ताणलेला आणि अनोळखी वाटतो.

गैरसमज : स्वर बेसूर आहेत.

वस्तुस्थिती : पेटी घ्या. डाव्या हाताने खालच्या सप्तकात पांढरी तीन, काळी चार आणि पांढरी सात दाबा. गोड वाटेल. ते सोडून उजव्या हाताने वरच्या सप्तकात पांढरी पाच व काळी पाच, आणि त्यांच्या वर पुढच्या सप्तकातली काळी एक व काळी दोन दाबा. हाही ओळखीचा, सुरेल समूह आहे. आता दोन्ही हात एकदम वाजवा. त्या ३२ ठोक्यांचा स्वरसमूह हाच. दोन सुरेल समूह, पण त्यांचे मूळ स्वर शेजारच्या पट्ट्यांवरचे. म्हणून ते एकमेकांना घासतात. त्या घर्षणातली धग संगीतकाराला हवी होती.

गैरसमज : परंपरा मोडून सगळे नव्याने रचले आहे.

वस्तुस्थिती : बासूनची ती पहिली धून लिथुआनियातल्या लोकगीताची आहे. एवढी एकच धून उसनी घेतल्याचे स्ट्राविन्स्की सांगत. पुढे लॉरेन्स मॉर्टन आणि रिचर्ड टारुस्किन या अभ्यासकांनी आणखीही लोकधुना शोधून दाखवल्या. धुनांचे छोटे तुकडे करून, ते उलटसुलट पुन्हा जोडून ही आधुनिकता उभी राहिली आहे. कथा मात्र कल्पित. वसंतासाठी एका मुलीने नाचत प्राण देण्याचा तो विधी स्ट्राविन्स्की आणि चित्रकार निकोलस रोरिक यांनी मिळून रचला. हेच रोरिक पुढे कुलू खोऱ्यात नग्गरला राहिले.

गैरसमज : संगीत ऐकून लोक खवळले आणि रचना पडली.

वस्तुस्थिती : पहिल्या रात्री आरडाओरडा झाला, हे खरे. पण राग नृत्यावरही तेवढाच होता. व्हास्लाव निजिन्स्की यांनी नर्तकांना पावले आत वळवून, वाकून, जमिनीवर पाय आपटायला लावले होते. नाजूक बॅले पाहायला आलेल्यांना ते सोसले नाही. गलक्यात वाद्यवृंद नर्तकांनाच ऐकू येईना, म्हणून निजिन्स्की विंगेतून ओरडून मात्रा मोजत होते. संचालक प्येर माँट्यू यांनी वादन शेवटपर्यंत नेले. एप्रिल १९१४ मध्ये पॅरिसमध्येच, माँट्यू यांच्याच संचालनाखाली, नृत्याशिवाय ही रचना वाजली आणि लोकांनी स्ट्राविन्स्की यांना खांद्यावर घेतले.

गैरसमज : हे आपल्या कानांसाठी नाही.

वस्तुस्थिती : १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून पृथ्वीची ओळख म्हणून सोनेरी तबकड्या अवकाशात गेल्या. त्यांत या रचनेचे शेवटचे नृत्य आहे, संचालन खुद्द स्ट्राविन्स्की यांचे. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. माणसाचे संगीत म्हणून दोन्हींना एकत्र जागा मिळाली.

म्हणून विनंती एवढीच: आधी पेटीवर ते सात स्वर दाबा, टाळ्या देत ३२ मोजा आणि मगच ही रचना लावा. एकदा ऐकून थांबू नका. दुसऱ्यांदा ऐकताना दहाव्या मात्रेवर तुमचा हात आपोआप उठेल.