अपस्मार आणि व्यायाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेंदूतील पेशींमध्ये अचानक अनियंत्रित विद्युत् क्रिया झाली की फिट येते. अशा फिट पुन्हा पुन्हा येण्याच्या प्रवृत्तीला अपस्मार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटमुक्त राहू शकतात. तरीही निदान झाले की पहिली बंदी बहुधा खेळावर येते. तालमी आणि फुटबॉलच्या कोल्हापुरात या बंदीने मुलाचे मित्रही तुटतात.

गैरसमज : व्यायामाने दम लागतो आणि दम लागला की फिट येते.
वस्तुस्थिती : मेंदूतील विद्युत् क्रिया नोंदवणाऱ्या ईईजी तपासणीत रुग्णाला बसल्या जागी जोरजोराने श्वास घ्यायला लावतात. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि काही प्रकारच्या फिटना चालना मिळते. धावताना स्नायूच जास्त कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि वाढलेला श्वास तो बाहेर टाकतो, त्यामुळे रक्तातील समतोल सहसा बिघडत नाही. श्रमानेच फिट येणारे रुग्ण असतात, पण थोडे. चुकलेली गोळी, जागरण, ताप आणि मद्यपान ही फिटची नेहमीची कारणे आहेत.

गैरसमज : कुस्ती आणि फुटबॉल कायमचे बंद.
वस्तुस्थिती : ‘इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी’ या संस्थेच्या कृती गटाने २०१६ साली खेळांचे तीन गट केले. फुटबॉल, क्रिकेट, हॉकी, व्हॉलीबॉल, बहुतेक धावण्याचे प्रकार आणि कुस्तीसुद्धा सर्वांत कमी धोक्याच्या गटात आहेत. पोहणे, सायकलिंग, जिम्नॅस्टिक्स, वजन उचलणे आणि बॉक्सिंग मधल्या गटात येतात. तिथे फिटचा प्रकार आणि नियंत्रण पाहून डॉक्टर निर्णय घेतात. गिर्यारोहण, स्कूबा डायव्हिंग आणि मोटार शर्यती सर्वांत धोक्याच्या गटात आहेत. पैलवानाने एक पथ्य मात्र पाळावे : वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहणे, पाणी तोडणे आणि रात्र जागवणे टाळावे. फ्रान्सच्या मारियों क्लिन्ये यांनी अपस्मार असताना १९९६ आणि २००० च्या ऑलिंपिकमध्ये सायकलिंगची रौप्यपदके मिळवली.

गैरसमज : फिट थांबल्या, आता एकट्याने पोहायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : अपस्मार असलेल्यांना बुडण्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. पाण्यात आलेली फिट काठावरच्यांच्या लक्षातही येत नाही. कळंबा तलाव, विहीर किंवा नदी यांत एकट्याने उतरू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर जीवरक्षक असलेल्या जलतरण तलावात, आजाराची माहिती असलेल्या सोबत्याबरोबरच पोहावे. तलावाच्या काठाने चालण्यात मात्र असा धोका नाही. फिट अजून येत असतील तर पाण्यापासून अंतर ठेवून आणि कोणाला तरी बरोबर घेऊन चालावे.

गैरसमज : गोळ्या चालू आहेत, तर विश्रांतीच हवी.
वस्तुस्थिती : फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन यांसारखी औषधे दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होऊ शकतात, व्हॅल्प्रोएटने वजन वाढू शकते. चालणे, धावणे आणि जोर-बैठका या दोन्हींवर उपयोगी पडतात. अपस्माराच्या रुग्णांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात. जीवनमान ढासळण्यात त्यांचा वाटा फिटच्या संख्येइतकाच, कित्येकदा त्याहूनही मोठा असतो. नियमित व्यायामाने झोप आणि मन सुधारते, चारचौघांत वावर वाढतो. टोपिरामेट घेणाऱ्यांना घाम कमी येऊ शकतो, म्हणून त्यांनी उन्हातला व्यायाम टाळावा. व्यायाम हा औषधाला पर्याय नाही. गोळी मनाने कधीही बंद करू नये.

गैरसमज : मैदानावर फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवावी, हातपाय दाबून धरावेत.
वस्तुस्थिती : कांदा किंवा चपलेने फिट थांबत नाही. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, झटके ओसरताच कुशीवर वळवावे आणि वेळ मोजावी. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली किंवा इजा झाली तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

खेळ बंद करण्याआधी पालकांनी डॉक्टरांना विचारावे : या मुलाला नेमका कोणता खेळ आणि कोणत्या सोबतीने खेळता येईल? मिळालेले उत्तर वस्ताद, प्रशिक्षक आणि शिक्षकांनाही सांगावे. आजार लपवून खेळणे धोक्याचे आहे, आणि कारणाशिवाय खेळ तोडणे हा मुलावर अन्याय आहे.